मूलपेशीपासून पांढऱ्या पेशीपर्यंत: नव्याने शिकणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

अस्थिमज्जेचा धडा सुरू झाला की पहिल्याच पानावर ती झाडासारखी आकृती येते. वर एक मूलपेशी, खाली फुटत गेलेल्या फांद्या आणि प्रत्येक फांदीवर ‘ब्लास्ट’ किंवा ‘साइट’ने संपणारी नावं. बहुतेक जण ती आकृती पाठ करायला घेतात. आठवडाभरात मायेलोसाइट आधी की मेटामायेलोसाइट, इथेच अडायला होतं. स्लाइड लावल्यावर तर सगळ्याच पेशी सारख्या जांभळ्या दिसतात.

मी याच वाटेने शिकले आणि नंतर बऱ्याच नव्या मुलामुलींना सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवून हे शिकवलं. त्यावरून बनलेलं माझं मत ठाम आहे: नावं मागाहून येऊ द्यात. आधी एकच पेशी धरा, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी, रक्तातली सर्वांत जास्त संख्येची पांढरी पेशी), आणि ती जन्मल्यापासून रक्तात येईपर्यंत तिचा पिच्छा सोडू नका. पेशी ‘पक्व’ होते म्हणजे तिच्यात काय काय बदलतं, हे एकदा डोळ्यांत बसलं की बाकीच्या पेशी तिच्याशी ताडून पाहता येतात.

सुरुवातीला जवळ काय हवं

- १०० पट मोठं दाखवणारी ऑइल इमर्शन लेन्स असलेला सूक्ष्मदर्शक, इमर्शन तेल आणि लेन्स पुसायचा कागद
- रक्ताची एक आणि अस्थिमज्जेची एक स्लाइड, लीशमन, राइट किंवा गिम्सा यांपैकी कोणत्याही रंगाने रंगवलेली
- सूक्ष्मदर्शक मिळणार नसेल तर नावांसकट छापलेले पेशींचे चांगले फोटो
- एका निरोगी प्रौढ व्यक्तीचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट, डिफरन्शियल काउंटसह, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांच्या टक्केवारीसह (नाव-पत्ता झाकलेला)
- कोरी वही आणि निळी, जांभळी, गुलाबी पेन्सिल

पेन्सिली मी गंमत म्हणून सांगत नाही. हाताने काढलेली पेशी लक्षात राहते, नुसती पाहिलेली राहत नाही.

स्लाइड आधी तपासा. वर सांगितलेले तिन्ही रंग एकाच घराण्यातले आहेत. त्यांतला निळा भाग केंद्रकातलं डीएनए आणि पेशीद्रवातलं आरएनए रंगवतो, तर गुलाबी भाग, म्हणजे इओसिन, आम्लारिधर्मी प्रथिनं रंगवतो. बफरचा पीएच बिघडला की सगळं एकतर गुलाबी नाहीतर निळसर होऊन बसतं. त्यामुळे पहिली नजर तांबड्या पेशींवर टाका. त्या स्वच्छ गुलाबी दिसत असतील तर पुढे जा. हिरवट-निळ्या दिसत असतील तर ती स्लाइड बाजूला ठेवा. तिच्यावर शिकलेलं पुढे विसरावं लागेल.

१. मूलपेशी शोधत बसू नका, तिचं काम समजून घ्या

रक्ताच्या मूलपेशीला दोन गोष्टी जमतात. ती स्वतःसारखीच नवी मूलपेशी तयार करू शकते आणि तिच्यापासून रक्तातली कुठलीही पेशी बनू शकते. एवढीच तिची व्याख्या, आणि ती कामावरून केलेली आहे, रूपावरून नाही.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते १९६१ मध्ये. टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक यांनी उंदरांना भरपूर किरणोत्सर्ग देऊन त्यांची रक्तनिर्मिती बंद पाडली आणि मग त्यांना दुसऱ्या उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या. सुमारे दहा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी दिसल्या. एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली होती, हे त्यांच्या पुढच्या प्रयोगांतून सिद्ध झालं. आणि एकाच गाठीत वेगवेगळ्या जातींच्या रक्तपेशी होत्या. एका पेशीपासून इतक्या जाती निघू शकतात, याचा तो पुरावा होता.

इथे नवखे तीन ठिकाणी फसतात.

पहिलं म्हणजे, स्लाइडवर मूलपेशी ओळखायचा प्रयत्न. ती एखाद्या साध्या लिंफोसाइटसारखी दिसते आणि अस्थिमज्जेतल्या दहा हजार पेशींत जेमतेम एक असते, कदाचित त्याहूनही कमी. डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री लागते, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं चमकत्या प्रतिपिंडांनी हुडकायची पद्धत.

दुसरं म्हणजे, ‘सीडी ३४ आहे, म्हणजे मूलपेशी’ हे समीकरण. सीडी ३४ हे प्रथिन मूलपेशीवर असतं, तसंच तिच्यानंतरच्या बऱ्याच पूर्वज पेशींवरही असतं. सीडी ३४ आहे पण सीडी ३८ नाही, अशा पेशींत खऱ्या मूलपेशी शोधतात. त्या गटातही सगळ्या मूलपेशी नसतात.

तिसरं म्हणजे, मूलपेशी रात्रंदिवस विभागत असेल ही समजूत. बहुतेक मूलपेशी बहुतेक काळ शांत असतात. रोजचं उत्पादन त्यांच्या खालच्या पूर्वज पेशी सांभाळतात. मूलपेशी जितकी कमी विभागेल तितक्या तिच्या डीएनएत चुका कमी साचतील, आणि तिला तर आयुष्यभर पुरायचं असतं.

जागा लक्षात ठेवायला सोपी आहे. गर्भात रक्तनिर्मिती आधी पीतक कोशात (गर्भाला जोडलेल्या छोट्या पिशवीत) होते, मग मुख्यतः यकृतात आणि जन्माच्या सुमारास अस्थिमज्जेत स्थिरावते. प्रौढांमध्ये ती कंबरेचं हाड, मणके, छातीचं हाड आणि बरगड्या अशा मधल्या हाडांत उरते. म्हणूनच तपासणीसाठी मज्जा बहुधा कंबरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून काढतात.

२. झाडाची आकृती पेन्सिलीने काढा

आता ती आकृती वहीत काढा, पण मोजक्या रेघांत. मूलपेशीखाली दोन मोठ्या वाटा, मायेलॉइड आणि लिंफॉइड. मायेलॉइड वाटेवरून न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल आणि मोनोसाइट निघतात (तांबड्या पेशी आणि प्लेटलेटही याच बाजूला, पण त्या आज बाजूला ठेवू). लिंफॉइड वाटेवरून बी, टी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी, म्हणजे लिंफोसाइट. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

वाट कोण ठरवतं? पेशीच्या आत काही प्रथिनं कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे ठरवतात. पीयू.१ चा जोर वाढला की पेशी पांढऱ्या पेशींच्या वाटेला झुकते. जीएटीए-१ चा जोर वाढला की तांबड्या पेशी आणि प्लेटलेटच्या. ही दोन प्रथिनं एकमेकांना दाबतात, त्यामुळे एकदा पारडं झुकलं की झुकतच जातं. पॅक्स ५ पेशीला बी वाटेवर टिकवून ठेवतं. थायमसमध्ये (छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत) मिळणारा नॉच संदेश तिला टी वाटेवर आणतो.

बाहेरूनही, वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनांच्या रूपाने, इशारे येतात. जी-सीएसएफ न्यूट्रोफिल वाढवतं, एम-सीएसएफ मोनोसाइट, इंटरल्युकिन-५ इओसिनोफिल, आणि माणसात टी पेशींसाठी इंटरल्युकिन-७ लागतंच. यातलं जी-सीएसएफ नीट लक्षात ठेवा, कारण ते औषध म्हणूनही भेटेल. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल लवकर वर यावेत म्हणून ते देतात. मूलपेशी दान करणाऱ्यालाही काही दिवस त्याची इंजेक्शनं देतात. त्याने मूलपेशी मज्जेतून सुटून रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून गोळा करता येतात.

पेन्सिलीने काढा म्हटलं, कारण ही आकृती सोयीसाठी आहे. एकेका पेशीतलं आरएनए वाचता येऊ लागल्यापासून दिसतंय की पेशी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उडी मारत नाहीत, हळूहळू सरकत जातात. शिवाय सगळ्या मूलपेशी एकसारख्या नसतात. काहींचा ओढा सुरुवातीपासूनच मायेलॉइड बाजूला असतो. तेव्हा दोन पुस्तकांतली झाडं जुळली नाहीत तर घाबरू नका. फांदी नेमकी कुठे फुटते यावर वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढच्या पायरीला तो वेळ द्या.

३. न्यूट्रोफिल: इथे सावकाश चाला

अस्थिमज्जेची स्लाइड लावा. प्रत्येक पेशीला चार प्रश्न, याच क्रमाने विचारा. केंद्रकात केंद्रकी, म्हणजे आतला छोटा गोल ठिपका, दिसते का? पेशीद्रव निळं आहे की गुलाबी? कण आहेत का, आणि कोणते? केंद्रकाचा आकार कसा आहे? आकाराचा प्रश्न शेवटी ठेवायचा. नवखे तो आधी विचारतात आणि गोंधळतात.

*मायेलोब्लास्ट.* मोठी पेशी, १५ ते २० मायक्रोमीटर. जवळजवळ सगळी जागा केंद्रकाने व्यापलेली. क्रोमॅटिन (केंद्रकातलं डीएनए आणि त्याची प्रथिनं) मऊ, बारीक, आणि त्यात दोन ते पाच फिकट केंद्रकी. भोवती निळ्या पेशीद्रवाची बारीक कड. निळं का, तर पेशी जोरात प्रथिनं बनवायच्या तयारीत आहे, आरएनए ठासून भरलेलं आहे.

*प्रोमायेलोसाइट.* पेशी पक्व होत जाते तशी लहान होत जाते, हा नियम इथे मोडतो. प्रोमायेलोसाइट बहुधा मायेलोब्लास्टपेक्षा मोठी असते. तिची खूण म्हणजे ठळक लालसर-जांभळे प्राथमिक कण, अगदी केंद्रकावरही पसरलेले. त्यांत मायेलोपेरॉक्सिडेज असतं, पुढे जंतू मारायला लागणारं. केंद्रकी अजून दिसते.

*मायेलोसाइट.* इथे थांबून नीट पाहा. फोकसचा बारीक स्क्रू किंचित मागे-पुढे करा. केंद्रकाला लागून, जिथे गॉल्जी पिंड असतो तिथे, निळ्या पेशीद्रवात फिकट गुलाबी डाग उगवलेला दिसेल. दुय्यम कण तयार व्हायला लागल्याची ती खूण आहे. हे कण इतके बारीक असतात की सुटे दिसत नाहीत, नुसती गुलाबी झाक येते. याच वेळी ठळक प्राथमिक कण विरळ झालेले दिसतात. ते नाहीसे झालेले नसतात. नवे बनणं थांबलेलं असतं, आणि पेशी विभागली की आहेत तेच कण दोन पेशींत वाटले जातात. केंद्रक गोल किंवा लांबट गोल, केंद्रकी दिसेनाशी. विभागू शकणारा हा शेवटचा टप्पा.

*मेटामायेलोसाइट.* आता विभाजन बंद. केंद्रकाला एका बाजूने खळगा पडतो, पण तो केंद्रकाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमी.

*बँड.* खळगा निम्म्यापेक्षा खोल जातो आणि केंद्रक घोड्याच्या नालेसारखं दिसतं.

*सेगमेंटेड न्यूट्रोफिल.* केंद्रकाच्या दोन ते पाच पाळ्या, आणि त्यांना जोडणारा बारीक धागा. पेशीद्रव फिकट गुलाबी. अशी मऊ, तुकड्यातुकड्यांचं केंद्रक असलेली पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून निसटू शकते. रक्तात सहा-सात पाळ्यांचे न्यूट्रोफिल दिसू लागले तर बी १२ किंवा फोलेटच्या कमतरतेची शंका घ्यावी.

बँड की सेगमेंटेड, यावर अनुभवी लोकांचंही एकमत होत नाही. धागा स्पष्ट दिसत नसेल, पाळ्या एकमेकांवर पडल्या असतील, तर त्या पेशीवर पाच मिनिटं खर्चू नका. संशय असेल तेव्हा पेशी अधिक पक्व टप्प्यात मोजायची, असा बऱ्याच प्रयोगशाळांचा प्रघात आहे. तोच धरा आणि शेवटपर्यंत एकच नियम पाळा.

हा सगळा प्रवास मज्जेत साधारण १० ते १४ दिवसांचा. पहिला अर्धा काळ विभागण्यात जातो, दुसरा पक्व होण्यात आणि साठ्यात थांबण्यात. एका प्रौढ माणसाच्या मज्जेतून रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बाहेर पडतात आणि रक्तात त्यांचा मुक्काम बहुधा तासांत मोजण्याइतका असतो. हे प्रमाण लक्षात घेतलं की केमोथेरपीने मज्जा थंडावल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत न्यूट्रोफिल का कोसळतात, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

रक्तातले सगळे न्यूट्रोफिल नमुन्यात येतात असंही नाही. जवळजवळ निम्मे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात. जोराच्या व्यायामाने किंवा ताणाने ते सुटतात आणि एकही नवी पेशी न बनता आकडा वाढतो. जंतुसंसर्गात मात्र साठा उपसला जातो आणि बँड, कधी मेटामायेलोसाइटसुद्धा रक्तात दिसू लागतात. रिपोर्टवर ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहितात ते हेच.

४. कणवाल्या दुसऱ्या दोन पेशी आणि मोनोसाइट

इओसिनोफिल आणि बेसोफिल याच टप्प्यांतून जातात. मायेलोसाइटपासून पुढे फक्त कण पाहा. इओसिनोफिलचे कण मोठे, एकसारखे, नारिंगी-लाल असतात आणि केंद्रक बहुधा दोन पाळ्यांचं. बेसोफिलचे काळपट जांभळे कण केंद्रकच झाकून टाकतात.

मोनोसाइटचे टप्पे कमी: मोनोब्लास्ट, प्रोमोनोसाइट, मोनोसाइट. मज्जेत त्यांचा मोठा साठा नसतो. तयार झाल्या की लवकर रक्तात येतात, एक-दोन दिवस फिरतात आणि ऊतींत शिरून मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) बनू शकतात. सगळे मॅक्रोफेज मोनोसाइटपासूनच होतात, असं मात्र लिहू नका. मेंदूतल्या मायक्रोग्लिया गर्भावस्थेतच पीतक कोशातून येऊन तिथे वसलेल्या असतात.

५. लिंफोसाइट: इथे आकार पाहून भागत नाही

न्यूट्रोफिलवर बसलेली नजर इथे अपुरी पडते. लिंफोब्लास्ट आणि लिंफोसाइट यांतला फरक दिसतो, पण मधले खरे टप्पे जनुकांत घडतात. प्रत्येक लिंफोसाइटला स्वतःचा वेगळा ग्राही (जंतू ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) बनवायचा असतो, आणि त्यासाठी ती आपल्याच डीएनएचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडते. प्रतिपिंडांच्या जनुकांमध्ये हे घडतं, हे सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

बी पेशी हे काम मज्जेतच करते. प्रो-बी टप्प्यात ग्राहीची जड साखळी जुळवते, प्री-बी टप्प्यात हलकी. पृष्ठभागावर आयजीएम (तिचा ग्राही म्हणून काम करणारं प्रतिपिंड) आला की तिची परीक्षा होते: शरीराच्याच घटकांना घट्ट चिकटते का? चिकटली तर तिला ग्राही बदलायची संधी मिळते, नाहीतर ती मरते. उत्तीर्ण झालेल्या पेशी प्लीहेत जाऊन पूर्ण पक्व होतात.

टी पेशीचे पूर्वज मज्जा सोडून थायमसमध्ये जातात. थायमसचं हे महत्त्व १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांचा थायमस काढून दाखवलं. तिथे आधी सीडी ४ आणि सीडी ८ दोन्ही नसतात, मग दोन्ही येतात, शेवटी एकच उरतं. आपल्या शरीराचे रेणू अजिबात न ओळखणाऱ्या पेशी मरतात आणि फार घट्ट ओळखणाऱ्याही मरतात. बहुसंख्य पेशी थायमसमधून बाहेर पडतच नाहीत. शिकवताना या ठिकाणी मी नेहमी थोडं थांबते. एवढ्या पेशी वाया जातात हे पाहून विद्यार्थी हळहळतात, पण ही गाळणी ढिली पडली तर शरीर स्वतःवरच उलटतं.

सापळा इथला मोठा आहे. न्यूट्रोफिल पक्व झाला की संपलं. लिंफोसाइटचं तसं नाही. रक्तात शांत फिरणारी लहान लिंफोसाइट तिचा जंतू भेटताच पुन्हा फुगते, पेशीद्रव निळं होतं, केंद्रकी दिसू शकते, ती विभागू लागते. विषाणुसंसर्गात अशा पेशी नवख्याला ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, वाटतात. अशा वेळी एका पेशीवरून निष्कर्ष काढू नका, सगळी स्लाइड फिरून पाहा. प्रतिसाद देणाऱ्या लिंफोसाइट आकाराने आणि रूपाने एकमेकींहून वेगळ्या असतात, कुणी लहान, कुणी मोठी, कुणाची कड शेजारच्या तांबड्या पेशींभोवती वळलेली. ब्लास्ट बहुधा एकसुरी दिसतात. तरीही शंका उरली तर स्लाइड वरिष्ठांना दाखवायचीच.

६. आता रिपोर्ट घ्या

प्रौढांमध्ये पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर असतात. त्यात न्यूट्रोफिल ४० ते ७० टक्के, लिंफोसाइट २० ते ४०, मोनोसाइट २ ते ८, इओसिनोफिल १ ते ६, बेसोफिल एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी. प्रयोगशाळेनुसार मर्यादा थोड्या बदलतात, म्हणून रिपोर्टवर छापलेली मर्यादाच प्रमाण माना.

टक्केवारीवर थांबू नका. एकूण पेशी ६,००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के, तर प्रत्यक्ष न्यूट्रोफिल ३,६००. एकूण पेशी १,००० आणि न्यूट्रोफिल तेच ६० टक्के, तर फक्त ६००. टक्केवारी तीच, पण दुसऱ्या माणसाला साधा संसर्गही जड जाऊ शकतो. मूलपेशी प्रत्यारोपणानंतर डॉक्टर रोज याच आकड्याची वाट पाहतात. तो सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिला की नव्या मूलपेशी रुजल्या असं धरतात.

लहान मुलाचा रिपोर्ट प्रौढांच्या मर्यादांनी वाचू नका. तान्हेपणापासून साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिंफोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणं स्वाभाविक आहे.

७. दोन आजार शेजारी ठेवून पाहा

आतापर्यंतचं पक्कं झालं का, हे तपासायला माझ्या मते याहून चांगली रीत नाही. क्रॉनिक मायेलॉइड ल्युकेमियाच्या (ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग) रक्ताची आणि अक्यूट प्रोमायेलोसायटिक ल्युकेमियाच्या मज्जेची अशा दोन स्लाइड किंवा फोटो मिळवा.

पहिल्यात रक्तातच मज्जा उतरल्यासारखी दिसते. मायेलोसाइट, मेटामायेलोसाइट, बँड, सेगमेंटेड, सगळे टप्पे हजर, शिवाय बेसोफिल वाढलेले. गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन पेशींना सतत ‘वाढा’ असा आदेश मिळतो. उत्पादन बेसुमार होतं, पण पक्व होण्याची वाट उघडी असते.

दुसऱ्यात जिकडे पाहावं तिकडे एकच टप्पा, कणांनी गच्च भरलेल्या प्रोमायेलोसाइट. पुढचे टप्पे जवळजवळ नाहीतच. इथे गुणसूत्र १५ आणि १७ यांच्या अदलाबदलीतून एक बिघडलेलं प्रथिन बनतं आणि ते पेशीला त्याच टप्प्यावर अडवून ठेवतं. हा आजार रक्तस्रावामुळे झपाट्याने जिवावर बेतू शकतो, म्हणून संशय आला त्याच दिवशी उपचार सुरू करतात. १९८० च्या दशकात शांघायमधल्या डॉक्टरांनी या रुग्णांना अ जीवनसत्त्वाचं एक रूप, ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड, दिलं आणि अडकलेल्या प्रोमायेलोसाइट पुढे सरकून न्यूट्रोफिल झाल्या. आज आर्सेनिक ट्रायऑक्साइडच्या जोडीने हेच औषध देऊन बहुतेक रुग्ण बरे होतात.

दोन्ही स्लाइडवर शंभर-शंभर पेशी मोजा. प्रत्येक पेशीला पायरी ३ मधले चार प्रश्न विचारा, उत्तर वहीत मांडा आणि मगच टप्प्याचं नाव लिहा. मोजणी झाल्यावर ती जाणत्या माणसाच्या मोजणीशी ताडून पाहा. फरक ज्या टप्प्यावर पडला असेल, त्याच टप्प्याच्या पेशी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.